भूमीच्या पोटातील नेफेल



हिब्रू भाषेतील ‘नेफेल’ हा शब्द प्रसूतिगृहात काम केलेल्या प्रत्येक परिचारिकेच्या परिचयाचा आहे. जगण्यापूर्वीच गळून पडलेल्या गर्भास नेफेल म्हणतात. आपली मुले सैन्यात जातात, तेव्हा तोच शब्द ती निराळ्या अर्थाने शिकतात. डागला गेला परंतु फुटला नाही, असा तोफगोळा म्हणजे नेफेल. दोन्ही अर्थांच्या मुळाशी ‘पडणे’ हा एकच धातू आहे. मात्र त्यांतील भेद प्राणांतिक आहे. पहिला नेफेल निष्प्राण असतो, दुसरा मुळीच मेलेला नसतो.

हे कसे, ते थोडक्यात सांगते. कोठारातील तोफगोळा तुलनेने सुरक्षित असतो, कारण त्याच्या फ्यूजमध्ये अडसर असतात. गोळा तोफेतून सुटताना त्याला बसणारा प्रचंड धक्का आणि त्याचे स्वतःभोवती फिरणे यांमुळे हे अडसर दूर होतात व गोळा स्फोटास सिद्ध होतो. मग तो मऊ वाळूत रुतला, किंवा तिरका आपटला, तर कधी कधी शेवटचा आघात पुरेसा होत नाही. असा गोळा झोपलेला दिसतो, पण त्याचे सारे अडसर निघालेले असतात. आतील स्फोटक दशकानुदशके टिकते. गंजलेला फ्यूज कशाने चाळवेल याचा भरवसा नसतो. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा ठरतो.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे बेएर शेवा, दिमोना, येरुहाम येथे वसली. त्या नगरांपलीकडे नेगेवचे वाळवंट पसरले आहे, आणि त्याचा फार मोठा भाग सैन्याची सराव मैदाने म्हणून राखून ठेवलेला आहे. हिब्रू, अरबी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतील इशाऱ्याचे फलक आपण सर्वांनी पाहिले आहेत. सीमा वैऱ्यांनी वेढलेल्या देशाला सराव टाळता येत नाही, हे मी जाणते. आपले पुत्र व कन्या त्याच मैदानांवर तयार झाल्या. परंतु सराव संपवून तुकडी परत गेली म्हणजे हिशेब संपला असे होत नाही. जे फुटले नाही, ते ऋण म्हणून मातीत राहते. हे ऋण कोण फेडतो, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय.

रुग्णालयात जखम पाहून माणूस काय करीत होता हे ओळखता येते. सुरुंगावर पाय पडलेल्याचा पाय जातो. गोळा उचलून पाहणाऱ्याचे हात, डोळे आणि चेहरा जातो. स्फोटाने माती व कापडाचे तुकडे मांसात खोलवर शिरतात, म्हणून जखम एकदा धुऊन भागत नाही. पुनःपुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. मूल असेल तर दुःख आणखी लांबते, कारण कापलेले हाड वाढत राहते आणि कृत्रिम पाय पुनःपुन्हा बदलावा लागतो. जखमी होणारे बहुधा मेंढपाळ असतात, पितळ आणि लोखंड भंगारात विकू पाहणारे गरीब असतात, किंवा चमकती वस्तू दिसली म्हणून वाकलेली मुले असतात.

आपल्या जन्मभूमीतही हेच घडते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराजवळ कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला व सहा जण मरण पावले. त्यांत आसपासच्या खेड्यांतील मजूर होते.

या देशात जागृती आली ती सुरुंगांच्या निमित्ताने. १९८४ मध्ये जेरी व्हाईट नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने उत्तरेत भटकंती करताना जुन्या सुरुंगाने पाय गमावला. त्यानंतर २६ वर्षे लोटली. ६ फेब्रुवारी २०१० रोजी गोलानमधील अवितल डोंगरावर बर्फात खेळण्यास गेलेल्या ११ वर्षांच्या दानिएल युवालचाही पाय गेला. या मुलाने अंथरुणातून उठून लोकप्रतिनिधींना साकडे घातले, आणि २०११ मध्ये क्नेसेटने सुरुंगक्षेत्रे साफ करण्याचा कायदा केला. त्यानुसार संरक्षण मंत्रालयात स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण उभे राहिले.

निश्चय असल्यास काय होऊ शकते, हे यार्देन नदीकाठी कास्र अल-याहूद येथे दिसले. १९६७ च्या युद्धानंतर तेथील ख्रिस्ती मठांभोवती सुरुंग पेरले गेले होते. ब्रिटनच्या ‘हॅलो ट्रस्ट’ या संस्थेच्या सहभागाने २०१८ मध्ये सुमारे १ चौरस किलोमीटर भूमीची सफाई सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी, तेथील फ्रान्सिस्कन पंथीयांच्या मंदिरात पुन्हा प्रार्थना झाली.

हे काम शल्यकर्मासारखेच संथ असते. जमीन दोऱ्यांनी अरुंद पट्ट्यांत विभागतात, धातुशोधक यंत्र इंच इंच फिरवतात, खूण लावतात, आणि माती वरून न खणता बाजूने हळूच दूर करतात. नेफेल शक्यतो हलवीत नाहीत, जागीच उडवितात. आणि येथेच सराव मैदानाच्या देखभालीचे मर्म आहे. किती गोळे डागले आणि किती फुटले याची त्याच दिवशी नोंद ठेवली, न फुटलेल्यांच्या जागा आखून ते लगेच नष्ट केले, तर काम काही तासांचे असते. तेच उद्यावर टाकले, तर पुराचे पाणी गोळ्यांना ओढ्यांतून दूर नेते, वाळू त्यांना झाकते, आणि काम पिढ्यांचे होते.

२०११ चा कायदा देशाच्या सुरक्षिततेस आवश्यक नसलेल्या सुरुंगक्षेत्रांपुरता आहे. वापरातील सराव मैदानांची जबाबदारी सैन्याचीच राहते. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक कापूसबोळा व प्रत्येक चिमटा मोजल्याखेरीज पोट शिवू नये, हे आम्हां परिचारिकांना पहिल्या वर्षीच शिकविले जाते. भूमीच्या बाबतीतही शिस्त तीच हवी. देवारीमच्या ग्रंथात वेढा घातलेल्या नगराची फळझाडेही तोडू नयेत अशी आज्ञा आहे. युद्धकाळातही भूमीचे काही देणे लागते, हा तिचा अर्थ मला वाटतो.

तोवर आपण आपल्या नातवंडांना एवढे शिकवावे: फलकाच्या पलीकडे जाऊ नये. अनोळखी धातूची वस्तू दिसली तर तिला हात लावू नये, दगड मारू नये, घरी आणू नये. आल्या पावली मागे फिरावे, जागा लक्षात ठेवावी आणि १०० क्रमांकावर पोलिसांना कळवावे.