पित्याची मुखत्यारी

पेटर ग्राफ हा जर्मन गृहस्थ मोटारगाड्या व विमे विकून उदरनिर्वाह करी. पण त्याचा जीव टेनिसमध्यें गुंतलेला होता. १९६९ सालीं मॅनहाइम येथें जन्मलेली त्याची कन्या स्टेफी तीन-चार वर्षांची झाली न झाली तोंच त्यानें मूठ कापून आखूड केलेली रॅकेट तिच्या हातीं दिली आणि घराच्या दिवाणखान्यालाच क्रीडांगण केलें. १९८२ च्या ऑक्टोबरांत, तेरा वर्षांची असतांना, ती धंदेवाईक खेळाडू झाली. तेव्हांपासून पिता हाच तिचा गुरु, व्यवस्थापक आणि खजिनदारहि. कोणत्या स्पर्धेंत उतरावयाचें, कोणत्या कारखान्याचे कपडे अंगावर घालावयाचे, जाहिरातीस नांव द्यावयाचें तें कितीला, हें सारें तोच ठरवी.

या कारभाराला एक चांगली बाजू होती, ती नाकारणें अन्यायाचें होईल. मुलगी कोवळी आहे हें ओळखून त्यानें तिच्या सामन्यांची संख्या आवरून धरली. पैशाच्या हव्यासानें तिला झिजविलें नाहीं. १९८८ सालीं चारहि प्रमुख स्पर्धा आणि सेऊल येथील ऑलिंपिक सुवर्णपदक स्टेफीनें एकाच वर्षांत जिंकलें. असा पराक्रम टेनिसच्या इतिहासांत तोंवर कोणींहि केला नव्हता.

१९९५ च्या ऑगस्टमध्यें मात्र पेटरला करचुकवेगिरीच्या आरोपावरून अटक झाली. पिता मॅनहाइमच्या तुरुंगांत असतांनाच सप्टेंबरांत कन्येनें अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली! १९९७ च्या जानेवारींत निकाल लागला. स्टेफीच्या सुमारें ४ कोटि २० लक्ष मार्क मिळकतीचा प्रश्न होता. बुडविलेला कर सव्वा कोटीच्या घरांत गेला. पेटरला पावणेचार वर्षांची शिक्षा झाली, करसल्लागारालाहि तुरुंग घडला. पैशाचे व्यवहार आपण वडिलांवर सोंपविले होते, असें स्टेफीचें म्हणणें होतें. तिच्यावरील चौकशी त्याच वर्षीं मोठी रक्कम भरून घेऊन मिटविण्यांत आली.

ज्या मिळकतीबद्दल हा खटला झाला ती १९८९ ते १९९३ या वर्षांतील होती. स्टेफी १९८७ च्या जूनमध्येंच अठरा वर्षांची होऊन कायद्यानें सज्ञान झाली होती. म्हणजे अज्ञान मुलीच्या पालकाला कायदा जो अधिकार देतो, तो केव्हांच संपला होता. उरली होती ती केवळ घरांतील रीत. वर्षानुवर्षें जो हात हिशेब लिहीत आला, त्याच्याकडून वही मागून घ्यावयाची कशी? कृतज्ञ लेकीला हा प्रश्न सुचणेंहि अवघड, आणि पित्याला तर आपण कांहीं दुसऱ्याचें सांभाळीत आहों याचा विसर पडलेला.

पेटर १९९८ सालीं तुरुंगाबाहेर आला. त्याच वर्षीं अमेरिकेंत दुसऱ्या एका कन्येनें तो प्रश्न उघड विचारला. डॉमिनिक मोचानू ही १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघांतील सर्वांत लहान मुलगी. वय तेव्हां चौदा. तिच्या कमाईंतून वडिलांनीं ह्यूस्टनजवळ भव्य व्यायामशाळा उभारली होती. सतराव्या वर्षीं ती घर सोडून गेली आणि आपल्या पैशावर आपला ताबा असावा म्हणून न्यायालयाच्या पायरीवर उभी राहिली. १९९८ च्या ऑक्टोबरांत न्यायालयानें तिला सज्ञान ठरविलें. अठरावें वर्ष लागून पुरता महिनाहि झाला नव्हता.