लाईट कधी येणार?

माझ्या आजीच्या लेखी लाईट स्टेशनात यायची आणि आमच्या लेखी ती तारेतून यायची. एवढ्याशा मतभेदापायी आमच्या घरात एकदा जो घोटाळा झाला, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. मी तेव्हा मराठी चौथीत होतो. आमच्या वस्तीपर्यंत खांब येऊन उभे राहिले होते, तारा ओढून झाल्या होत्या, आणि थोरले चुलते कवठे महांकाळच्या बाजारातून आले ते ओरडतच आले, "परवा लाईट येणार!"

आजी जोंधळे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "किती वाजता?"

"सांजच्याला."

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं दशम्या भाजल्या, त्या फडक्यात बांधल्या, पेटीतलं धुवट लुगडं काढलं, गळ्यातली माळ डोळ्यांना लावली आणि आईला म्हणाली, "आता आलीच हाय दाराशी, तर पंढरीला जाऊन येती."

हसू नका. आम्ही तेव्हा हसलो होतो आणि ते आजही मला नीट पचलेलं नाही. कारण हिशेबाला बसलं तर आजीचं बरोबर होतं. आमच्या मुलुखात लाईट आली ती 1927 साली, आणि आली ती रुळांवरून. मिरज-पंढरपूर ही आगगाडी सुरू झाली तेव्हा आजी बारा वर्षांची होती. गाडीचं नाव बार्शी लाईट रेल्वे. आता एवढं लांबलचक नाव घ्यायला शेतकऱ्याच्या बायकोला सवड कुठली? तिनं शेपूटही कापलं, तोंडही कापलं आणि मधली लाईट तेवढी ठेवली. "लाईट गेली का गं?" म्हणजे साडेदहाची गाडी गेली का. तारेतली लाईट पुढं साठ-बासष्ट वर्षांनी आमच्या दारात आली. शब्दावर पहिला बोजा गाडीचा होता. बोजा म्हणजे काय, ते बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. पहिला बोजा तो पहिला, मागून आलेल्यानं मागंच उभं राहायचं.

पण मग त्या गाडीला लाईट का म्हणत? लहानपणी आमच्या गल्लीत यावर दोन पक्ष होते. एका पक्षाचं म्हणणं, इंजिनाला पुढं मोठा दिवा असतो म्हणून. दुसऱ्याचं म्हणणं, बार्शीहून लाईट घेऊन येते म्हणून. दोन्ही पक्ष चूक होते, आणि हे मला कळायला बी.कॉम. व्हावं लागलं. तेसुद्धा अभ्यासक्रमात होतं म्हणून नव्हे, तर बँकेची परीक्षा देताना इंग्रजीचा पेपर आडवा आला म्हणून.

इंग्रजीत लाईट म्हणजे दिवा, उजेड. आणि लाईट म्हणजेच हलका. आमची गाडी दुसऱ्यातली, हलकी! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला आला होता. मोठ्या रेल्वेला लागतो तेवढा पैसा खेड्यापाड्यांतून सुटणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून अरुंद रूळ घालावेत, तेही हलक्या वजनाचे, आणि गाडी अशी बांधावी की इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये, असा त्याचा हिशेब. रुळांतलं अंतर अडीच फूट. मोठ्या गाडीचं साडेपाच. म्हणजे निम्म्याहून कमी. 1895 साली लंडनमध्ये कंपनी निघाली आणि 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला गाडी धावली. पुढे 1906 साली पंढरपूर, 1911 साली लातूर आणि 1927 साली मिरज. विलायतेत असल्या स्वस्त, हलक्या रेल्वेसाठी 1896 साली कायदाच झाला होता. स्वस्तात बांधायचं आणि हळू चालवायचं, असं त्याचं एकंदर तात्पर्य. आमची गाडी हळू चालायची म्हणून लोकांनी जन्मभर तिची थट्टा केली. पण तो तिचा दोष नव्हता, तो तिचा धर्म होता.

हा कॅलथ्रॉप मोठा अवलिया माणूस. अरबी घोड्यांचा शौकीन, त्यांच्यावर पुस्तक लिहिणारा. म्हातारपणी त्यानं विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही तयार केली, आणि तिचं नाव ठेवलं 'गार्डियन एंजल'. म्हणजे आयुष्यभर एकच ध्यास, वजन बेताबेतानं खाली कसं उतरवायचं! ज्या वर्षी त्याची गाडी मिरजेला पोचली त्याच वर्षी, 1927 साली, तो वारला. आमच्या गावात त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. आजीला तर गाडी पांडुरंगानंच सोडली असा पक्का विश्वास होता.

आता एक गंमत सांगतो. इंग्रजीतले हे दोन लाईट मुळात एक शब्द नव्हेतच. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द. झिजत झिजत एकाच तोंडवळ्याचे झाले, इतकंच. उजेडाच्या लाईटचं नातं आपल्या संस्कृतातल्या 'रुच्' म्हणजे झळकणे या धातूशी लागतं. आणि हलक्या लाईटचं नातं लागतं 'लघु'शी! त्या लघुकाचं प्राकृतात अक्षरांची उलटापालट होऊन हलुक्क झालं आणि मराठीत हलका. म्हणजे हलका आणि लाईट हे चक्क चुलत-चुलत भाऊ. एक विलायतेत राहिला, एक इथं राबला, आणि दोघांची भेट झाली ती कवठे महांकाळच्या स्टेशनात. भेटले पण ओळख पटली नाही. भाऊबंदकीत असं चालायचंच.

मराठीनं मात्र या पाहुण्याचं जे केलं ते पाहण्यासारखं आहे. दिव्याचा लाईट पुल्लिंगी: "तो लाईट लाव." तारेतली लाईट स्त्रीलिंगी: "लाईट गेली." पुन्हा तिचं अनेकवचन लायटी, ते गणपतीत मांडवाला लागतं. आपल्याकडे वीज हा शब्द नव्हता असं नाही. पण मराठीत वीज पडते. "वीज आली" असं कुणी ओरडलं तर माणसं झाडाखालून पळतील. वीज गेली असं फक्त वर्तमानपत्रं लिहितात. तेसुद्धा छापखान्यातली लाईट आल्यावर. वीजमंडळ 1960 साली झालं, 2005 साली त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पाटीवरची नावं बदलली. आम्ही जातो ते लाईट ऑफिसातच. आणि अंधारात ज्या वस्तूच्या उजेडात चालायचं, तिला मात्र लाईट म्हणत नाहीत. तिला म्हणायचं बॅटरी!

सरकारदरबारी शब्द आणखी जुना आहे. ग्रामपंचायत अजून दिवाबत्ती कर घेते. कंदिलाची काच पुसणारा माणूस गेला, कर राहिला. बँकांच्या नफातोट्याच्या पत्रकातही 1949 च्या कायद्यानं ठरवून दिलेला एक मथळा आहे: भाडं, कर आणि दिवाबत्ती. आमच्या शाखेतली संगणकयंत्रं, पंखे, नोटा मोजायचं यंत्र, साहेबांच्या केबिनमधला गारवा, सगळं त्या दिवाबत्तीत जातं.

आमच्या काउंटरवर एक आजोबा पेन्शनीला यायचे. एकदा तोंड उतरलेलं. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "डाक्टर म्हंतो, चार दिस लाईट खावा. आता सायेब, लाईट खाऊन मानूस बरा व्हईल का जाईल?" मी त्यांना हलक्या लाईटचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "मग ताक-भात म्हनायला काय झालं हुतं त्याला?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. माझी मुलगी तर मला दिवसातून दहा वेळा सांगते, "पप्पा, लाईट घ्या ना." म्हणजे मनाला लावून घेऊ नका. हा तिसरा लाईट कुठल्या मीटरवर पडतो कोण जाणे.

पण आमच्या तालुक्यात लाईट या शब्दाचा खरा अर्थ विचाराल तर पाणी. हा अर्थ कुठल्या कोशात सापडणार नाही. आमचा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस येतो तो पश्चिमेला सगळा सांडून, रिकाम्या हातानं. विहिरीत पाणी असलं तरी ते वर येतं मोटरीनं, आणि मोटर फिरते लाईटीवर. लाईटीची पाळी रात्रीची असली की चुलते दोन वाजता घोंगडं पांघरून निघायचे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, पायाखाली कुठं काय वळवळेल याचा नेम नाही. लाईटीला भेटायला अंधारातून जावं लागतं, हे मी त्यांच्यामागनं चालताना शिकलो. चुलती दारात बसून राहायची. लांबून मोटरीचा आवाज ऐकू आला की, "आली," म्हणायची आणि आत जायची. ते "आली" लाईटीला होतं, पाण्याला होतं, की चुलते धडपणी पोचले याला होतं, ते तिलाच ठाऊक.

पुढे म्हैसाळ योजना झाली. कृष्णेचं पाणी म्हैसाळपाशी उपसून पंपांनी टप्प्याटप्प्यानं इकडं वर चढवायचं. नदी डोंगर उतरते असं भूगोलात शिकलो होतो. इथं ती लाईट बिलाच्या जोरावर डोंगर चढते. बिल थकलं की पंप थांबतात, पंप थांबले की द्राक्षाच्या बागेवर माणूस टक लावून बसतो. थकबाकीची ती बातमी आमच्या भागानं किती उन्हाळे वाचली असेल, याची गणती नाही.

आणि त्या हलक्या गाडीचं काय झालं? 1954 साली सरकारनं कंपनी विकत घेतली. 2010 च्या आसपास आमच्या पट्ट्यातले अरुंद रूळ उखडून रुंद रूळ पडले. बार्शी लाईटमधलं लाईटपण संपलं. किती संपलं ते 2016 च्या एप्रिलात दिसलं. लातूर तहानलं होतं. मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली ती याच मार्गानं, कवठे महांकाळवरून, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. एका वाघिणीत पन्नास टन! कॅलथ्रॉपसाहेबाच्या पाच टनी आसाला घेरीच आली असती. आमचा तालुका त्या उन्हाळ्यात काही भिजलेला नव्हता. तरी रुळाकडेला उभी असलेली माणसं गाडीला हात जोडत होती. कुणीही, "आमच्यापुढनं पाणी चाललंय की," असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मनात आलं असेल. माझ्या आलं होतं.

आता तर रुळांवर तारा आल्या. 2023 च्या फेब्रुवारीत मध्य रेल्वेचे सगळे रुंद मार्ग विजेवर आल्याचं जाहीर झालं, त्यात आमचाही. म्हणजे गाडी लाईट होती तेव्हा लाईट नव्हती, आणि लाईट आली तेव्हा गाडी लाईट राहिली नाही.

त्या परवाच्या दिवशी, 1990 च्या सुमारास, सांजेला दिवा लागला. आजीनं दिव्याला हात जोडले, दशम्यांचं गाठोडं सोडून आम्हा पोरांना वाटून दिलं आणि चुलत्यांना विचारलं, "मग पंढरीची लाईट कवा?" चुलते म्हणाले, "कार्तिकीला नेतो." त्या कार्तिकीला ज्वारीची पेर होती, पुढच्या कार्तिकीला चुलतीचं बाळंतपण, आणि तिसऱ्या कार्तिकीला आजी नव्हती. ती रक्कम आमच्या घराच्या खात्यावर नावे पडलेली आहे. बुडीत म्हणून लिहून टाकायला माझा हात होत नाही.

मागल्या कार्तिकीला मी पंढरपूरला निघालो. स्टेशनात अंधार पडत होता, फलाटावर वारकऱ्यांची गर्दी. माझ्या शेजारी एक म्हातारी गाठोड्यावर डोकं टेकून पेंगत होती. एवढ्यात लांब गावाकडचे दिवे एकदम विझले आणि मी सवयीनं म्हणालो, "गेली लाईट."

म्हातारी ताडकन उठली. गाठोडं उराशी धरून रुळांकडे धावत म्हणाली, "गेली? आरं द्येवा, आन् मी हितंच ऱ्हायली!"

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"न्हाई आजी. यायची हाय अजून."