ओलाउठा, पटकी, मोडशी

बंगाली कथेत 'ओलाउठा' आला की मी 'पटकी' लिहिते आणि पुढे जाते. अर्थाला धक्का लागत नाही, पण काहीतरी सांडतंच. ओला म्हणजे खाली उतरणं, उठा म्हणजे वर येणं. जुलाब आणि वांती, दोन्ही एका शब्दात. 'पटकी'त मला भीती ऐकू येते, रोगाची वाट दिसत नाही.

आपल्या 'मोडशी'चा प्रवास आणखी गमतीचा. गोव्यात पोर्तुगिजांनी हा शब्द पटकीसाठी ऐकला. गार्सिया द ओर्ताने 1563 साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलं. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशीं' झालं, आणि फ्रेंचांनी त्यात आपल्या भाषेतले ओळखीचे शब्द ऐकून 'मोर द शियाँ' केलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. इतकी चुकीची आणि इतकी नेमकी भाषांतरं क्वचितच होतात. मराठीत मात्र मोडशी आज ओव्याने बरी होते!

रोगाचा जिवाणू सापडला त्यालाही असाच चुकामुकीचा इतिहास आहे. फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनीने तो 1854 मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण कोणी लक्ष दिलं नाही. तीस वर्षांनी, 1884 च्या आरंभी, रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात तो वेगळा काढून वाढवला. तिथल्या एका तलावाच्या पाण्यातही त्याला तो आढळला. जिवाणू स्वल्पविरामासारखा वाकडा, म्हणून नावही तेच पडलं. हा जंतू विष तयार करत असावा, असा कॉखचा तर्क होता. पण प्राण्यांना पटकी काही होईना, त्यामुळे सिद्ध करता येईना.

(इथे भाषांतरकाराची एक तक्रार. वर्तमानपत्रं जिवाणू आणि विषाणू सर्रास अदलाबदल करून वापरतात. पटकीत गोंधळ दुप्पट होतो, कारण इथे विष आहे ते जिवाणूचं.)

पुढची कित्येक दशकं संशोधक ते विष जनावरांच्या रक्तात नाहीतर पोटाच्या पोकळीत टोचून पाहत राहिले. कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनी आतड्याकडे पाहिलं. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यांनी त्यात जंतू सोडले, आणि तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. हा प्रयोग 1953 साली प्रसिद्ध झाला. मग जंतू गाळून काढून नुसता द्रव घातला, तरी तेच घडलं. म्हणजे विष होतं, आणि ते आतड्यातच काम करत होतं. हा निबंध 'नेचर'मध्ये आला 1959 साली. दे यांना ओलाउठा हा शब्द लहानपणापासून ठाऊक असणार. त्यावरून त्यांना प्रयोग सुचला असं म्हणण्याचा मोह मी आवरते. पण रोगाची जागा त्या शब्दात आधीच लिहिलेली होती, एवढं खरं.

देशात त्यांचं फारसं कौतुक झालं नाही. जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. ते मिळालं नाही, आणि 1985 मध्ये दे वारले.

साठच्या दशकात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. पटकीत आतड्याचं अस्तर शाबूत राहतं, आणि ग्लुकोजबरोबर दिलेलं मीठ व पाणी ते शोषून घेतं. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी याच ज्ञानावर भरवसा टाकला. एक लिटर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पाजायचं काम रोग्यांच्या आईबापांनी, भावाबहिणींनी केलं. सुमारे तीस टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.