रायचूरची वाट आणि केडगावचे माळरान

इ. स. १८७४ च्या सुमारास रायचूर येथे अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे देहावसान झाले. शास्त्रीबुवा थोड्याच दिवसांपूर्वी निवर्तले होते. दुष्काळाने गांजलेल्या त्या परमुलखात स्मशान तीन मैलांवर आणि प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. अखेरीस दोघा ब्राह्मणांस दया आली. तिसरा पुत्र श्रीनिवास झाला आणि चौथी जागा सोळा वर्षांच्या धाकट्या कन्येने घेतली. उंची कमी पडल्यामुळे तिला तिरडीचा भार खांद्याऐवजी मस्तकावर वाहावा लागला. ही कन्या म्हणजेच पुढे विख्यात झालेल्या पंडिता रमाबाई होत.

तत्पूर्वी या कुटुंबाने पुराणकथन करीत तीर्थे पालथी घातली होती. नवस, दाने व अनुष्ठाने यांत गाठीचे द्रव्य संपले. तेव्हा अकरा दिवस केवळ पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढून, एखाद्या पवित्र तलावात देह ठेवावा, इथपर्यंत सर्वांचा विचार आला होता. आईच्या पाठोपाठ थोरली बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. पदरी तान्ही मनोरमा तेवढी उरली.

इंग्लंडात १८८३ च्या सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इकडे त्यावर मोठा गदारोळ झाला. परंतु त्यांचे मन कशाने वळले, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनी 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. ती पाहून रमाबाई विस्मित झाल्या. अशा स्त्रियांविषयी ही कळवळ कोठून येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचावयास मिळाली. त्याग केलेल्या बाईशी विहिरीपाशी बसून बोलणारा तो ख्रिस्त त्यांच्या ध्यानी राहिला. तथापि बाप्तिस्म्याने सर्व शंका फिटल्या असे नव्हे. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी आपल्या ख्रिस्ती गुरूंशीही हट्टाने वाद घातला. मनास खरी शांती लाभली ती आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, असे त्या स्वतःच नमूद करतात.

मधल्या काळात, १८८९ साली, मुंबईस शारदा सदन निघाले व पुढे ते पुण्यास आले. तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. रमाबाई आपला विश्वास लपवीत नसत आणि खोली बंद करून प्रार्थनाही करीत नसत.

त्या विश्वासाची खरी कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतातील अन्नछत्रांतून व रस्त्यांच्या कडेने हिंडताना त्यांना आपलेच बालपण पुन्हा भेटत होते. तेथून शेकडो स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. पुण्यास प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या जमिनीवर न्यावे लागले. त्या उघड्या माळावर आधी छपरे उभारली, विहिरी खणल्या, मग पक्क्या इमारती बांधल्या. १९०० साली गुजरातेत 'छपन्या'ने कहर केला. बडोदे-अहमदाबादकडील लोकांत ते नाव पुढे पिढ्यान् पिढ्या भीतीने घेतले गेले. त्या भागातील मुलीही केडगावी आल्या आणि मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, दूधदुभते, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रियांच्या हाती आली. अंधांसाठी निराळे सदन झाले. आलेल्यांपैकी कित्येकींस मरण टळले नाही, हेही सांगितले पाहिजे.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईस कळत नाही, हे त्यांचे दुखणे होते. स्वतः संस्कृतात 'सरस्वती' म्हणून गौरविलेल्या विदुषीने हे म्हणावे, यात मौज आहे. श्रवणशक्ती क्षीण झाली होती. १९२१ च्या जुलैत मनोरमाही गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. तेथे खिळे जुळविण्यास दुष्काळातून आलेल्या मुलींनाच शिकविले होते.