बुलेट मोटारसायकलचे बिडाचे इंजिन

रॉयल एनफील्ड बुलेट ३५० या मोटारसायकलचे बिडाचे इंजिन हे एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक, हवेने थंड होणारे पेट्रोल इंजिन आहे. मूळ इंग्लंडमध्ये तयार झालेले हे इंजिन पुढे अर्धशतकाहून अधिक काळ भारतात बनत राहिले. त्याचे उत्पादन २०१० च्या सुमारास थांबले. साधी हत्यारे, मोजकी मापे आणि संयम यांच्या बळावर घरच्या अंगणात किंवा वाहनतळावर खोलून पुन्हा बांधता येणारे इंजिन, अशी त्याची ख्याती आहे. ही ख्याती बऱ्याच अंशी यथार्थ असली, तरी वंगणाच्या बाबतीत हे इंजिन हयगय सोसत नाही. घरी बांधलेली बरीचशी इंजिने याच कारणाने वाया जातात.

नाव

'बिडाचे इंजिन' हे नाव काटेकोरपणे पाहता अपुरे आहे. यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो तो केवळ सिलिंडर, ज्याला कारागीर 'ब्लॉक' म्हणतात. हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. कंपनीने २००० नंतर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकची इंजिने अधिकाधिक वापरात आणली. त्यांच्यापासून जुने इंजिन वेगळे ओळखण्यासाठी हे नाव रूढ झाले. त्याआधी ते केवळ 'बुलेटचे इंजिन' होते. मराठीतील 'फटफटी' हा ध्वन्यनुकारी शब्द कोणत्याही मोटारसायकलला लावला जात असला, तरी या इंजिनाचा संथ, तुटक ठोका ऐकल्यावर तो विशेष समर्पक वाटतो.

इतिहास

'बुलेट' हे नाव इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीने १९३२ मध्ये प्रथम वापरले. येथे वर्णिलेले ३५० सीसी इंजिन दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी बुलेटची निवड केली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्स व मूळ ब्रिटिश कंपनी यांनी मिळून एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे आधी आयात केलेल्या सुट्या भागांची जोडणी होई. पुढे सर्व भाग तेथेच बनू लागले. ब्रिटिश कंपनी बंद पडली, पण भारतातील उत्पादन चालूच राहिले. १९९४ मध्ये आयशर समूहाने ही कंपनी ताब्यात घेतली. या साऱ्या काळात इंजिनाचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही. त्यामुळे एका दशकातील इंजिनाचे अनेक भाग दुसऱ्या दशकातील इंजिनात बसू शकतात.

रचना

सिलिंडरचा व्यास ७० मिमी आणि पिस्टनची धाव ९० मिमी असून घनक्षमता ३४६ सीसी भरते. (पिस्टनसाठी शालेय पुस्तकांत 'दट्ट्या' हा उत्तम मराठी शब्द आहे, कार्यशाळेत मात्र तो ऐकू येत नाही.) व्यासापेक्षा धाव मोठी आणि जोडीला जड फ्लायव्हील, यांमुळे इंजिन सावकाश फिरतानाही जोर देते. शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती आणि संपीडन गुणोत्तर ६.५ : १ इतके कमी असल्याने या इंजिनाला उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलची गरज भासत नाही.

दोन्ही वॉल्व हेडमध्ये असून ते पुशरॉड आणि रॉकर यांच्या मार्फत उघडतात. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरखाली दोन स्वतंत्र कॅम असतात. तेथूनच दातेरी चक्रांच्या साखळीने सीबी पॉइंटपर्यंत गती पोहोचते. डाव्या बाजूस प्रायमरी चेन, क्लच आणि अल्टरनेटर असतो. गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात नसून मागच्या बाजूस स्वतंत्रपणे बसवलेला असतो. त्यामुळे त्याला हात न लावता इंजिनाचा वरचा भाग उतरवता येतो. घरगुती दुरुस्तीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

वंगणव्यवस्था

हे इंजिन 'ड्राय संप' पद्धतीचे आहे. तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतकामातच मागच्या बाजूस सामावलेली असते, पण क्रँक ज्या कप्प्यात फिरतो तो कोरडा ठेवायचा असतो. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात: एक टाकीतील तेल इंजिनात पाठवतो, दुसरा खाली साचलेले तेल टाकीत परत नेतो. परतीच्या पंपाची क्षमता मुद्दाम अधिक ठेवलेली असते. क्रँकच्या टोकावरील वर्म नट या दोन्ही पंपांना फिरवतो. या नटाचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि नट सुटण्याऐवजी आटे खराब होतात.

गाडी काही आठवडे उभी राहिली, की टाकीतील तेल पंपातून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरते. त्यानंतर गाडी सुरू करताच धुराड्यातून निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि मालक घाबरतो. हा धूर रिंगा झिजल्याचा पुरावा नव्हे. परतीचा पंप कप्पा उपसून काढतो आणि काही मिनिटांत धूर ओसरतो. कप्प्याखालचा नट काढून साचलेले तेल आधीच काढून घेतले, तर धूर होतही नाही. धूर पाहून लगोलग ब्लॉक उतरवणे आणि चांगला सिलिंडर बोअरिंगला देणे हा या इंजिनाच्या बाबतीतला सर्वाधिक आढळणारा आणि पूर्णतः टाळता येण्याजोगा अपव्यय आहे. सिलिंडरचे आयुष्य बोअरिंगच्या संख्येने मोजले जाते. दर वेळी व्यास वाढतो, भिंत पातळ होते आणि अखेरीस नवा ब्लॉक किंवा लायनर लागतो. गाडी तापल्यावरही धूर कायम राहत असेल, तरच रिंगा, सिलिंडर किंवा वॉल्व गाइडकडे वळणे योग्य ठरते.

घरगुती दुरुस्ती

घरी होणाऱ्या कामांत वॉल्व-टॅपेटचे समायोजन, इग्निशनची वेळ जुळवणे, कार्बोरेटर साफ करणे, हेडमधील काजळी काढणे, वॉल्व घासणे आणि रिंगा बदलणे ही कामे मोडतात. फिक्स पाने, रिंग पाने, गोटी पाने, फीलर गेज, वॉल्व स्प्रिंग दाबण्याचे हत्यार आणि एखादा पुलर एवढ्यावर ती भागतात. जुन्या गाड्यांत ब्रिटिश मापाचे नट आढळतात. त्यांवर मिलिमीटरचा 'जवळपास बसणारा' पाना चालवला, की कोपरे झिजून नट गोल होतो. पोपट पान्याने तर हे काम अधिकच लवकर होते.

टॅपेटसाठी इंजिन पूर्ण गार असावे लागते. पिस्टन दाबाच्या धावेच्या शेवटी सर्वांत वर आणून ब्लॉकच्या उजव्या बाजूचे छोटे झाकण काढले, की पुशरॉडची खालची टोके दिसतात. पुशरॉड बोटांच्या चिमटीत सहज गरगर फिरावा, परंतु त्याला वर-खाली हालचाल नसावी, हेच त्याचे माप. टिकटिक आवाज नकोसा वाटून तो याहून घट्ट केल्यास वॉल्व पुरता बसत नाही, दाब गळतो आणि एक्झॉस्ट वॉल्व जळतो. टॅपेटचा किंचित आवाज हा या इंजिनाचा दोष समजू नये.

सीबी पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवली जाते आणि पिस्टन वर पोहोचण्यास ०.८ मिमी उरले असता पॉइंट उघडावेत, अशी वेळ जुळवली जाते. पिस्टनची स्थिती प्लगच्या भोकातून मोजतात. पॉइंट नेमके केव्हा उघडले हे समजण्यासाठी जुने कारागीर सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागद पॉइंटमध्ये धरतात. तो अलगद सुटतो तो क्षण उघडण्याचा. हँडलजवळचा ॲमीटरही हेच सांगतो. चावी चालू असताना पॉइंट मिटलेले असले तर काटा ऋण बाजूस झुकतो आणि ते उघडताच मध्यावर येतो. किक मारण्यापूर्वी जाणकार चालक किक हळूहळू दाबत काट्याकडे का पाहतो आणि मग डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन थोडा पुढे का सरकवतो, याचे उत्तर यातच आहे. हे न करता जोराने मारलेली किक उलटून पायाला दुखापत करू शकते.

हेड उतरवताना नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे सोडले जातात. बसवतानाही तोच क्रम. दोन्ही पुशरॉडवर इनलेट-एक्झॉस्टची खूण करून ठेवणे इष्ट. ब्लॉक उचलण्यापूर्वी टॅपेटच्या झाकणाआड दडलेला नट काढावा लागतो. तो राहून गेला, तर ब्लॉक हलत नाही आणि पेचकसाने उचकटण्याच्या प्रयत्नात बिडाचे पंखे तुटतात. बीड वाकत नाही, ते तडकते. ब्लॉक थोडा वर येताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले जाते, कारण पिस्टन-पिनची सर्क्लिप आत पडली, तर एका छोट्या तारेपायी संपूर्ण इंजिन खोलण्याची वेळ येते. पिन घट्ट असल्यास ती ठोकून काढण्याऐवजी गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पिस्टन शेकला जातो. ॲल्युमिनियम प्रसरण पावून पिन हाताने सरकते.

वॉल्व घासण्यासाठी आधी जाड आणि मग बारीक पेस्ट वापरली जाते. वॉल्व गोल न फिरवता अर्ध्या फेरीत पुढे-मागे फिरवून मधूनमधून उचलतात. बैठकीवर अखंड, सारख्या करड्या रंगाचे कडे उमटले म्हणजे काम झाले. वॉल्व बसवून पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओतले जाते. काही मिनिटांत आतल्या बाजूस ओल दिसली नाही, तर बैठक पक्की.

टायमिंग कव्हर उघडले असल्यास ते मिटवताना विशेष दक्षता लागते. क्रँककडे जाणारे तेल कव्हरमधील एका लहानशा सीलमधून जाते. ते सील जुने, उलटे किंवा विसरलेले असेल, तर तेल बिग-एंडला न जाता वाटेतच गळते. बाहेरून काही कळत नाही. गाडी सुरू होते, चालते आणि थोड्या किलोमीटरांनी खालून ठोका येऊ लागतो. तेलाचा फिल्टरही याच कव्हरमध्ये असल्याने तो बदलल्यावर रिकामा कप्पा तेलाने भरून मगच इंजिन सुरू केले जाते. हेडवरील तेलनळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल पाझरते का, हे पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. रॉकरपर्यंत तेल येते एवढेच त्यातून सिद्ध होते. बिग-एंडविषयी ती चाचणी काहीच सांगत नाही.

रॉकेल किंवा पेट्रोलने भाग धुताना आगीचा धोका असतो. बंद गाळ्यात इंजिन चालवल्यास रंग-गंधहीन कार्बन मोनॉक्साइड साचतो.

घराबाहेरील कामे

ब्लॉकचे बोअरिंग व होनिंग, वॉल्व गाइड बदलणे आणि मुख्यतः क्रँकचे काम घरी होत नाही. बहुसंख्य ३५० इंजिनांत बिग-एंडला रोलरऐवजी तरंगता बुश असतो. तो बदलण्यासाठी फ्लायव्हील वेगळी करावी लागतात आणि पुन्हा जोडताना ती डायल गेजवर अचूक एका रेषेत आणावी लागतात. अशा कामांसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथवाल्यांसारखे कसबी कारागीर आणि पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारपेठा महाराष्ट्रात उपयोगी पडत आल्या आहेत. नव्या पिस्टनच्या डबीवरील मापावर विसंबून आधीच बोअरिंग करून घेऊ नये. प्रत्यक्ष पिस्टन लेथवाल्याच्या हाती देऊन त्यानुसार सिलिंडर कापून घेण्याची जुनी रीत अधिक सुरक्षित आहे. बोअरिंगनंतर पहिले काही शे किलोमीटर गाडी मध्यम वेगाने आणि मधूनमधून विसावा देत चालवली जाते. तसे न केल्यास पिस्टन सिलिंडरला धरतो.

इंधन व साठवण

भारतात २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. अलीकडे अडचण आहे ती एथेनॉल-मिश्रित पेट्रोलची. एथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारचे रबरी भाग त्यामुळे फुगतात किंवा ठिसूळ होतात. फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकणे म्हणूनच हितावह ठरते.

मूळ रूप आणि नोंदणी

इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो व तो नोंदणीपत्रात नमूद असतो. त्यामुळे ब्लॉक, हेड किंवा क्रँक बदलता येतो. क्रँककेस बदलणे मात्र केवळ यांत्रिक बाब राहत नाही, त्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जतन केलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात व त्यांना क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली वाहने यास पात्र नसतात. अशी नोंदणी झालेले वाहन नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७० पूर्वीच्या अनेक बुलेट वयाने या व्याख्येत बसतात. मात्र ५०० सीसीचा ब्लॉक चढवणे, सीबी पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्यासाठी भाग कापणे किंवा क्रँककेसवरील क्रमांक घासला जाईल इतके पॉलिश करणे, अशा हौशी सुधारणांमुळे त्यांच्या मूळ रूपाचा दावा दुबळा होतो. म्हणून काढलेला प्रत्येक जुना भाग, तो झिजलेला असला तरी, चिठ्ठी लावून जपून ठेवण्याची पद्धत जुन्या गाड्यांच्या जाणकार संग्राहकांत आढळते.