‘काही नोंदी वगळण्यात आल्या’: ह्यूगो पुरस्कारांच्या आकडेवारीची गोष्ट

बऱ्याच प्रबंधांत हे वाक्य सापडतं: ‘काही नोंदी विश्लेषणातून वगळण्यात आल्या.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर आहे. पण कोणत्या नोंदी, किती, कोणी वगळल्या आणि कोणत्या नियमाने, यातलं काहीच ते सांगत नाही. वाचणाराही बहुतेक वेळा पुढे सरकतो.

असं वाक्य एका अख्ख्या संस्थेची पत कशी घालवू शकतं, याचं अगदी ताजं उदाहरण विज्ञानकथांच्या जगात आहे. पेट किंवा नेट देऊन संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी ते नीट माहीत करून घ्यावं असं मला वाटतं, कारण डेटा, नियम, पुरावा आणि मोह हे सगळं त्यात एकत्र बघायला मिळतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

ह्यूगो हा इंग्रजीभाषक जगातला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा सगळ्यात मानाचा पुरस्कार. १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या नावावरून तो ओळखला जातो. पहिले पुरस्कार १९५३ साली फिलाडेल्फियात दिले गेले. नोबेलसारखी परीक्षकांची समिती इथे नसते. ‘वर्ल्डकॉन’ नावाचं वार्षिक संमेलन भरतं, त्याची वर्गणी भरलेले वाचक आधी नामांकनं देतात आणि मग मतदान करतात. संमेलन दरवर्षी वेगळ्या शहरात, वेगळ्या स्वयंसेवकांच्या हातात असतं. म्हणजे मोजणारी माणसं बदलत राहतात, टिकून राहतो तो नियमांचा लिखित मसुदा. त्यात एक कलम असं की संमेलन संपल्यावर ९० दिवसांच्या आत मतांची पूर्ण आकडेवारी जाहीर करायची.

हे कलम किती कामाचं आहे ते २०१५ साली दिसलं. ‘सॅड पपीज’ आणि ‘रॅबिड पपीज’ अशा दोन गटांनी तयार याद्या फिरवल्या आणि आपल्या लोकांना त्याच नावांना नामांकन द्यायला सांगितलं. बाकी हजारो वाचकांची पसंती शेकडो पुस्तकांत विखुरलेली, त्यामुळे थोड्या लोकांची एकगठ्ठा मतं भारी पडली. अंतिम यादीतले कित्येक विभाग त्यांनीच भरून टाकले. चिडलेल्या मतदारांनी पाच विभागांत ‘कोणालाच नाही’ हा पर्याय निवडला.

त्या वर्षीची एक गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवा. मार्को क्लूस या लेखकाची कादंबरी या गटांच्या जोरावर अंतिम यादीत आली होती. हे कळल्यावर त्यांनी जाहीरपणे नाव मागे घेतलं. रिकाम्या जागी आली चीनच्या ल्यू त्सशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, आणि तीच जिंकली. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो अनुवादित पुस्तकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आकडे उघडे असल्यामुळे उपायही आकड्यांतूनच निघाला. २०१७ पासून नामांकनांची मोजणी नव्या पद्धतीने होते. प्रत्येक मतपत्रिकेचा एक गुण. तिच्यावर पाच नावं असतील तर प्रत्येकाला एक-पंचमांश. सर्वांत कमी गुणांची दोन नावं समोरासमोर ठेवायची, त्यांतलं कमी मतपत्रिकांवर असलेलं बाद करायचं आणि त्याचा वाटा त्या पत्रिकेवरच्या उरलेल्या नावांना द्यायचा. सहा नावं उरेपर्यंत हे चालू ठेवायचं. एकगठ्ठा यादी चालवली तर तिची नावं आपसातच गुण वाटून घेतात आणि तिचा जोर कमी होतो. कोणाची मतं चांगली, कोणाची वाईट हे कोणी माणूस ठरवत नाही.

चेंगडू, २०२३

२०२१ च्या डिसेंबरात झालेल्या मतदानात चीनमधल्या चेंगडू शहराने २०२३ चं वर्ल्डकॉन मिळवलं. निवड अगदी समर्पक होती. १९७९ पासून निघणारं ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ हे मासिक याच शहरातलं. चिनी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या त्याच्यावर वाढल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये संमेलन थाटात पार पडलं, पुरस्कारही दिले गेले.

एरवी आकडेवारी समारंभ संपल्यावर लगेच, बहुतेकदा त्याच रात्री मिळते. या वेळी ती आलीच नाही. आली ती जानेवारी २०२४ मध्ये, ९० दिवसांची मुदत संपता संपता. तक्त्यांत काही नावांपुढे एकच शेरा होता: ‘अपात्र’. आर. एफ. क्वांग यांची ‘बेबल’ ही कादंबरी, नव्या लेखकांच्या पुरस्कारासाठी शिरान जे झाओ, लेखक-समीक्षक पॉल वायमर, ‘द सँडमॅन’ मालिकेचा एक भाग. नामांकनं पुरेशी होती, तरी अंतिम यादीत ही नावं नव्हती. का नव्हती, याचं एका ओळीचंही कारण दिलेलं नव्हतं.

‘बेबल’ला तोवर नेब्युला आणि लोकस हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेले होते. विचारणा सुरू झाल्यावर पुरस्कारांचे प्रशासक डेव्ह मॅकार्टी यांनी समाजमाध्यमावर उत्तर दिलं. त्याचा सारांश असा की नियम तपासले, त्यानुसार ही नावं अपात्र ठरली. कोणता नियम, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. क्वांग यांनी म्हटलं की कारण मिळत नाही तोवर, पुस्तक अपात्र नव्हतं तर नकोसं होतं, असंच त्या समजतील.

दोन प्रकारचे पुरावे

इथून पुढचा भाग संशोधकांसाठी महत्त्वाचा. आकडे हाती आल्यावर काही वाचक स्वतःच हिशेबाला बसले. हेदर रोझ जोन्स आणि कॅमेस्ट्रॉस फेलाप्टन या टोपणनावाने लिहिणारे ब्लॉगर यांत आघाडीवर होते. त्यांनी आधीच्या वर्षांचे नामांकनांचे आलेख २०२३ च्या आलेखांशेजारी ठेवले. नेहमीच्या वर्षी पहिल्या नावापासून खालच्या नावांपर्यंत मतं हळूहळू उतरत जातात, टेकडीच्या उतारासारखी. २०२३ मध्ये काही विभागांत वरच्या थोड्या नावांना भरपूर मतं आणि त्यानंतर एकदम कडा. त्यांच्या अहवालाच्या नावातही ‘कडा’ हाच शब्द आहे.

कडा दिसला, पण त्याचं कारण आलेख सांगू शकत नाही. एकगठ्ठा मतदान, मोजणीतली चूक किंवा आकड्यांत नंतर झालेला हस्तक्षेप, यांतल्या कशानेही साधारण असाच आकार येऊ शकतो. ‘काहीतरी वेगळं घडलंय’ हे आकडे ठामपणे सांगतात, ‘काय घडलंय’ याला दुसऱ्या जातीचा पुरावा लागतो.

तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. प्रशासनाच्या चमूत काम केलेल्या डायेन लेसी यांनी आपल्याजवळचे इमेल ख्रिस बार्कली आणि जेसन सॅनफर्ड यांच्याकडे दिले आणि स्वतःच्या सहभागाबद्दल माफी मागितली. त्या दोघांनी अहवाल प्रसिद्ध केला. जून २०२३ च्या इमेलमध्ये मॅकार्टी सहकाऱ्यांना सांगत होते की चीन, तैवान, तिबेट किंवा तिथे नाजूक ठरतील अशा विषयांबद्दल कोणी काही लिहिलंय का ते बघा. मग चमूने लेखकांची जुनी समाजमाध्यमं, पुस्तकं, प्रवास धुंडाळून टिपणं केली. वायमर तिबेटला जाऊन आले, अशी त्यांच्याबद्दल नोंद होती. प्रत्यक्षात ते गेले होते नेपाळला.

या एका नोंदीवर जरा थांबा. वगळण्याचा निकष गुप्त होता, म्हणून त्याखाली गोळा केलेली माहिती कोणी तपासलीच नाही. वायमर यांना आधी विचारलं असतं तर मिनिटभरात खुलासा झाला असता. पण विचारायचं म्हणजे निकष सांगायचा, आणि अडचण तिथेच होती.

सोपा निष्कर्ष टाळा

बातम्या वाचून बऱ्याच जणांनी ‘चिनी सरकारने पुस्तकं कापली’ असं एका वाक्यात सगळं गुंडाळलं. पुरावे तितकं म्हणू देत नाहीत. पुढे आलेल्या इमेलींत सरकारी आदेश नाही, आणि असा कोणताही आदेश आपल्याला आला नव्हता असं मॅकार्टी यांनीही म्हटलं. टिपणं करणारी मंडळी पाश्चात्त्य देशांतली होती. तिथे काय खपेल, काय नाही याचा अंदाज त्यांनी घरबसल्या बांधला आणि त्या अंदाजाने नावं काढली. दडपण नव्हतंच असंही यातून सिद्ध होत नाही. इमेल एका सदस्याकडून आलेले, म्हणजे चित्र अर्धंच. इतिहासात बहुतेक वेळा कागद असेच अर्धवट मिळतात, आणि जेवढा कागद तेवढंच विधान करावं लागतं.

दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. चिनी मासिकांनी-प्रकाशकांनी सुचवलेल्या याद्यांशी जुळणारी नामांकनं ‘एकगठ्ठा’ मानून काढून टाकण्याची चर्चाही त्या इमेलींत आहे. खरं तर एकगठ्ठा मतांसाठी २०१७ ची मोजणीपद्धत होतीच, तिला तिचं काम करू द्यायचं होतं. पहिल्यांदाच आपल्या देशात आलेल्या संमेलनात हौसेने नामांकन भरणाऱ्या वाचकांना आपल्या मताचं काय झालं ते कोणी कळवलं नाही. नुकसान वगळलेल्यांपुरतंही थांबलं नाही. मालिकेसाठी जिंकलेले एड्रियन चायकोव्हस्की यांनी हा पुरस्कार आपल्या नावापुढे लावणार नसल्याचं जाहीर केलं. लघुकथेसाठी जिंकलेल्या समांथा मिल्स यांनीही आपण तो जिंकला असं आता मानत नसल्याचं लिहिलं. दोघांची काहीही चूक नव्हती. मोजणीवर विश्वास उरला नाही की जिंकणाऱ्याच्या हातात नुसती ट्रॉफी उरते.

वगळायचंच असेल तर

मग कोणालाच कधी वगळू नये का? पुढच्याच वर्षी ग्लासगोत याचं उत्तर मिळालं. तिथल्या समितीने जुलै २०२४ मध्ये, म्हणजे निकालाच्या आधीच, निवेदन काढलं: आलेल्या ३,८१३ मतपत्रिकांपैकी ३७७ रद्द केल्या आहेत. म्हणजे जवळजवळ दहा टक्के, २०२३ मध्ये उघड झालेल्या नावांपेक्षा कितीतरी मोठी कात्री! पण सोबत कारण होतं. एकाच उमेदवाराला मत देणाऱ्या बऱ्याच खात्यांची नावं एकेक अक्षर बदलत वर्णानुक्रमे गेलेली होती, काहींची नावं म्हणजे ओळीने येणारे आकडेच भाषांतर करून लिहिलेले. ही मतं धरली असती तर तो उमेदवार जिंकला असता. मात्र त्याला यातलं काही माहीत असल्याचा पुरावा नसल्याने त्याचं नाव समितीने सांगितलं नाही. किती, का आणि परिणाम काय, हे तिन्ही जाहीर आणि निर्दोष माणसाची अब्रूही शाबूत. फारसा गदारोळ झाला नाही.

२०२५ साली सिॲटलच्या संमेलनात प्रश्न नव्या वेशात आला. कार्यक्रमातल्या संभाव्य वक्त्यांबद्दल काही वावगं आहे का हे शोधायला चॅटजीपीटी वापरल्याचं एप्रिलच्या अखेरीस आयोजकांनी सांगितलं आणि वाचक-लेखक भडकले. ह्यूगोशी संबंधित तीन पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. आयोजकांनी माफी मागितली, यंत्राला नेमकी काय सूचना दिली होती ती प्रसिद्ध केली आणि पडताळणी माणसांकडून नव्याने करून घेतली. माणसाने केलेल्या टिपणात नेपाळचं तिबेट होऊ शकतं, तर यंत्राच्या टिपणावर आंधळा भरवसा कशाला? दोन्हीकडे मूळ कागद उघडून बघणं टळत नाही.

आपल्या टेबलावर

आपल्या कामाचं स्वरूप वेगळं असलं तरी मोह तोच असतो. एक बिंदू आलेखाच्या बाहेर जातो, तो काढला की रेषा सुंदर बसते. किंवा एखादा प्रतिसादक गाईडना आवडणार नाही असं उत्तर देतो आणि कोणी न सांगताच आपण त्याचा फॉर्म बाजूला ठेवतो. वैद्यकीय चाचण्यांच्या अहवालांसाठी १९९६ पासून ‘कन्सॉर्ट’ नावाची शिस्त आहे. तिच्यात एका आकृतीतच दाखवावं लागतं की सुरुवातीला किती जण होते, कोणत्या टप्प्यावर किती गळले आणि का. विषय कोणताही असो, ही सवय उचलण्यासारखी आहे.

करायला फार काही लागत नाही. वगळण्याचे निकष डेटा बघण्याआधी लिहून त्यावर तारीख घाला. मूळ फाइलला हात लावू नका, वेगळ्या प्रतीवर काम करा. एक साधा तक्ता ठेवा: नोंद क्रमांक, काढल्याची तारीख, निकष, काढणाऱ्याचं नाव. शेवटी त्या नोंदी धरून आणि सोडून, दोन्ही प्रकारे निकाल काढा आणि फरक पडत असेल तर तसं लिहा. तक्त्यात ‘निकष’ या रकान्यात लिहायला लाज वाटेल असं कारण असेल, तर ती नोंद तुम्हाला काढता येणार नाही.

आणि प्रबंधात ते वाक्य कर्तरी प्रयोगात लिहा: ‘मी या अकरा नोंदी वगळल्या, कारण...’ पुढचं कारण लिहिताना पेन अडलं, तर व्हायवाच्या आधी गाईडकडे जा.