तापासच्या बशीत राजा कुठून आला?

न्यूयॉर्क, लंडन किंवा शिकागो येथील एखाद्या महागड्या 'स्पॅनिश-लॅटिन' तापास रेस्तराँमध्ये मेन्यूकार्ड उघडले, की पदार्थांच्या आधी अनेकदा एक राजा भेटतो. कधी तो तेराव्या शतकातील कास्तीयचा दहावा आल्फोन्सो असतो. आजारपणात वैद्यांनी त्याला दारूबरोबर थोडे थोडे खाण्यास सांगितले, त्याला गुण आला, आणि मग त्याने फर्मान काढले की राज्यातील कोणत्याही खानावळीत खाण्यावाचून दारू देऊ नये. कधी तो विसाव्या शतकातील तेरावा आल्फोन्सो असतो. कादिसच्या किनाऱ्यावर वारा सुटलेला, पेल्यात वाळू पडू नये म्हणून वाढप्याने त्यावर हॅमचा काप ठेवलेला. राजाला युक्ती आवडली आणि त्याने दुसरा पेलाही 'झाकणासकट' मागवला.

स्पॅनिशमध्ये 'तापा' म्हणजे झाकण. एवढा एक धागा खरा आहे. बाकी गोष्ट फार गोड आहे, आणि गोड गोष्टींकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा संशयाने पाहावे हे बरे.

दहाव्या आल्फोन्सोच्या त्या फर्मानाला समकालीन कागदाचा आधार नाही. स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश अठराव्या शतकापासून निघतो आहे. त्यात 'तापा' या शब्दाचा खाद्यपदार्थ हा अर्थ दाखल झाला तो थेट १९३० च्या दशकात, आणि तोही आंदालुसिया या दक्षिणेकडील प्रांतातील बोलीप्रयोग म्हणून. तेराव्या शतकातील राजाज्ञेने देशभर रूढ झालेला शब्द सातशे वर्षे कोशाबाहेर कसा राहील? तापा ही दक्षिण स्पेनमधील गुत्त्यांची साधी रीत होती. पेल्यावर पावाचा तुकडा किंवा छोटी बशी, तीत चार ऑलिव्ह, एखादा हॅमचा काप. आपल्याकडचा चखणा, एवढेच. गिऱ्हाईक उभ्या उभ्या खाई, पिई आणि पुढच्या गुत्त्याकडे निघे. ग्रानादा शहरात आजही पेय मागवले की तापा फुकट येतो.

राजाच्या गोष्टीने कोणाचे नुकसान होते, असे कोणी विचारील. नुकसान होते. राजा पुढे आला की बशीत खरोखर ज्यांचा इतिहास आहे ती माणसे मागे सरतात. म्हणून राजाला बाजूला ठेवून बश्यांकडेच पाहू. जामोन, तोर्तिया, पातातास ब्रावास आणि सेविचे, एवढ्या चार पुरेत.

जामोन म्हणजे मिठात मुरवून महिनोन्महिने वाळवलेली डुकराची तंगडी. आजच्या रेस्तराँमध्ये ती खास चौकटीत बसवून गिऱ्हाइकासमोर कागदासारखी पातळ कापतात. इबेरियात डुकराचे मांस रोमन काळापासून खाल्ले जाई. ते कोणी भीतीपोटी शोधून काढलेले नाही. परंतु पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याला एक नवा आणि भयंकर अर्थ चिकटला. १३९१ च्या दंगलींनंतर हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा स्वीकारला होता, बहुतांशी जिवाच्या भीतीने. १४७८ मध्ये पोपच्या परवानगीने स्पॅनिश इन्क्विझिशन स्थापन झाले, ते प्रामुख्याने या नवख्रिस्ती कुटुंबांवर नजर ठेवण्यासाठी. १४९२ च्या जानेवारीत ग्रानादा पडले आणि मार्चअखेर ज्यूंच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. घरात गुप्तपणे जुना धर्म पाळला जातो हे ओळखावे कसे? त्याच्या खुणांच्या याद्या चर्चमध्ये जाहीर वाचल्या जात. शनिवारी स्वच्छ कपडे घालणे ही एक खूण. डुकराचे मांस न खाणे ही दुसरी. साक्ष द्यायला मोलकरीण पुरे, शेजारीण पुरे.

आंद्रेस बेर्नाल्देस हा त्या काळचा बखरकार आणि धर्मगुरू. त्याने नवख्रिस्ती लोकांच्या स्वयंपाकाविषयी कुत्सितपणे लिहून ठेवले आहे, की हे लोक चरबीऐवजी तेलात मांस शिजवतात, कांदा-लसूण वापरतात आणि त्यामुळे त्यांच्या घरांना वास येतो. ऑलिव्ह तेल आणि लसूण! आज ज्यांच्याशिवाय तापासची कल्पनाच होत नाही, ज्या तेलाच्या उत्पादनात स्पेन जगात अग्रेसर आहे, तेच एके काळी घर ओळखण्याचा पुरावा म्हणून नोंदले गेले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पोर्तुगीज गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्यांना हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्याची मनाई होती. भाताच्या तपेल्यातील मिठापर्यंत सत्तेचा हात पोहोचत होता.

आता बटाटा. तोर्तिया म्हणजे बटाटा घालून केलेले जाड ऑम्लेट आणि पातातास ब्रावास म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडींवर तिखट सॉस. स्पेनच्या या दोन सर्वांत ओळखीच्या तापासचा मुख्य जिन्नस १४९२ पूर्वी युरोपात नव्हता. तो दक्षिण अमेरिकेतील आंदेस पर्वतराजीचा. तेथील शेतकऱ्यांनी हजारो वर्षे निवड करून हे पीक घडवले होते. उंचावरच्या गोठवणाऱ्या रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, दिवसा उन्हात ठेवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचे, मग पुन्हा वाळवायचे. यातून 'चुन्यो' तयार होतो. तो वर्षानुवर्षे टिकतो. इंका राज्याची कोठारे अशा टिकाऊ अन्नावर उभी होती.

१५३२ मध्ये पिसारोने काहामार्का येथे इंका सम्राट आताहुआल्पाला कैद केले. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला. खाणीत उतरणाऱ्या स्थानिक मजुरांचे पोट चुन्योवर भरत असे. पेद्रो सिएसा दे लेओन या सैनिक-इतिहासकाराने हे स्वतः पाहिले. १५५३ मध्ये सेव्हिल येथे छापलेल्या त्याच्या पेरूवरील ग्रंथात तो सांगतो की केवळ पोतोसीला चुन्यो नेऊन विकून कित्येक स्पॅनिश लोक श्रीमंत होऊन मायदेशी परतले. पुढे १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने इंकांची 'मिता' ही जुनी वेठीची पद्धत खाणींसाठी नव्याने बांधून काढली. ठरलेल्या गावांतून पाळीपाळीने पुरुष पोतोसीला पाठवावे लागत. त्यातले कित्येक परतत नसत. त्यांच्या शेतातला बटाटा त्यांच्याच वेठीचे इंधन झाला.

शब्दांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. आंदेसच्या केचुआ भाषेत बटाट्याला 'पापा' म्हणतात. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पेनमध्ये दोहोंची सरमिसळ होऊन 'पाताता' बनले. लॅटिन अमेरिकेत मात्र आजही 'पापा'च चालतो. पोर्तुगीजांनी ताइनो शब्द उचलला, तो गोव्याला आणला, आणि हिंदीत जे 'आलू' राहिले ते मराठीत 'बटाटा' झाले. ताइनो समाज रोगराई, वेठ आणि कत्तल यांनी काही दशकांतच जवळजवळ पुसला गेला. त्यांचा शब्द दादरच्या वडापावच्या गाडीवर रोज हजारदा उच्चारला जातो.

स्पेनमध्ये बटाटा प्रथम गरिबांच्याच पानात आला. १८१७ मध्ये नाव्हारा प्रांताच्या सभेपुढे शेतकऱ्यांच्या हलाखीविषयी एक अर्ज ठेवण्यात आला. डोंगराळ भागातील बायका पाच-सहा माणसांसाठी दोन-तीन अंड्यांत बटाटे आणि पावाचा चुरा घालून ऑम्लेट फुगवतात, असे त्यात नमूद आहे. बटाट्याच्या तोर्तियाच्या सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक. थोडक्यात, तोर्तियाची कृती म्हणजे अंडी पुरवण्याची युक्ती आहे.

ती युक्तीही एकदा अपुरी पडली. यादवी युद्ध १९३९ मध्ये संपले आणि फ्रँकोच्या राजवटीत शिधापत्रिका आल्या, त्या १९५२ पर्यंत राहिल्या. स्पॅनिश लोक त्या काळाला 'भुकेची वर्षे' म्हणतात. इग्नासी दोमेनेक या नामांकित आचाऱ्याचे टंचाईतील स्वयंपाकावरचे पुस्तक १९४१ मध्ये निघाले. त्यात अंडे आणि बटाटा या दोहोंवाचून तोर्तिया करण्याची कृती आहे! अंड्याऐवजी पिठाचे पाणी, बटाट्याऐवजी संत्र्याच्या सालीखालचा पांढरा गर. स्वयंपाकाच्या पुस्तकाइतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल.

ब्रावासवरच्या लाल रंगाची कथा थोडक्यात. कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात. जानेवारी १४९३ मधल्या त्याच्या रोजनिशीत बेटांवरील 'आही'ची नोंद आहे. ही तिथल्या लोकांची मिरी, आणि आपल्या मिरीहून सरस, असा त्याचा अभिप्राय. ही मिरची पुढे एस्त्रेमादुरातील ला व्हेरा खोऱ्यात रुजली. ओकच्या धुरावर वाळवून तिची पूड करतात, तोच पिमेंतोन. चोरिसो सॉसेज त्यानेच लाल झाले. आपल्या गोव्याचा चोरीस त्याच्याच नात्यातला. टोमॅटोही अमेरिकेचाच. १६९० च्या दशकात नेपल्समध्ये छापलेल्या आंतोनियो लातिनीच्या पाकग्रंथात टोमॅटो सॉस येतो तो 'स्पॅनिश पद्धतीचा' म्हणून. ब्रावासच्या सॉसमध्ये टोमॅटो असावा की नसावा यावर माद्रिदचे लोक अजून भांडतात. पुणेकरांनी मिसळीवरून हसू नये.

चौथी बशी सेविचे. मेन्यूवर हा 'लॅटिन' विभागात असतो. पेरूच्या किनाऱ्यावर मासे खाण्याची परंपरा फार जुनी. पण ज्या लिंबाच्या आंबटपणाने आज हा कच्चा मासा 'शिजतो' ते लिंबू आशियातले, अरबांनी इबेरियात आणलेले आणि स्पॅनिशांनी पेरूत नेलेले. कांदाही त्यांच्याबरोबरच गेला. मिरची, मका आणि रताळे तिथलेच. १८९९ पासून जपानी मजूर पेरूच्या उसाच्या मळ्यांत येऊ लागले. मासा तासन्‌तास न मुरवता वाढण्यापूर्वी काही मिनिटे लिंबात बुडवण्याची आजची रीत त्यांच्या वंशजांच्या हाताने रूढ झाली, असे मानले जाते.

म्हणजे मेन्यूवर 'स्पॅनिश' लिहिलेल्या बश्यांत अमेरिका आहे, आणि 'लॅटिन' लिहिलेल्या बशीत स्पेनमार्गे आलेले अरब व आशिया. शिवाय 'लॅटिन अमेरिका' ही संज्ञाच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. केचुआ किंवा ताइनो या भाषांचा लॅटिनशी काडीचाही संबंध नाही.

हे सारे उंची टेबलावर कधी चढले? स्पेनमध्ये १९६० च्या दशकात पर्यटकांचा लोंढा आला आणि तापा परदेशी जिभेला ठाऊक झाला. १९७० च्या दशकात बास्क प्रांतातील आचाऱ्यांनी नव्या पाककलेची चळवळ उभारली. मग फेरान आद्रियाच्या 'एल बुयी'ने छोट्या घासालाच प्रयोगशाळा बनवले; ऑलिव्हचा रस पातळ पापुद्र्यात कोंडून पुन्हा ऑलिव्हसारखा दिसणारा गोळा ही त्याची प्रसिद्ध करामत. तिथे काम केलेल्या होसे आंद्रेसने १९९३ मध्ये वॉशिंग्टनला 'हालेओ' जमवले. पुढच्याच वर्षी क्यूबन वंशाच्या डग्लस रॉड्रिगेझने न्यूयॉर्कमध्ये 'पात्रिया' उघडून 'नुएव्हो लातिनो' शैलीला प्रतिष्ठा दिली. रॉड्रिगेझच्या हाताखाली तयार झालेला, एक्वादोरी आईबापांचा शिकागोत वाढलेला होसे गार्सेस २००५ मध्ये फिलाडेल्फियात 'आमादा' हे स्पॅनिश तापास रेस्तराँ काढतो, तेव्हा दोन्ही शाखा एका स्वयंपाकघरात आलेल्या असतात.

यांच्या पाककौशल्याविषयी शंका नाही. गिऱ्हाइकाने चवीने खावे, वाटून खावे. पण हिशेब उलटला हे मात्र खरे. पेल्याबरोबर फुकट येणारा घास आता एकेका बशीच्या दराने विकला जातो, उभ्याची जागा पांढऱ्या रुमालाने घेतली, आणि या नव्या दराला शोभेलसा पूर्वज हवा म्हणून राजा आला. नाव्हाराच्या त्या बायका मेन्यूवर छापून येत नाहीत. दोन-तीन अंड्यांत सहा जण जेवल्याच्या गोष्टीवर बिल वाढत नाही.

पेरूत, कुस्कोजवळ पिसाक येथे, केचुआ गावांनी मिळून एक 'बटाटा उद्यान' राखले आहे. २००४ मध्ये या गावांनी लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार केला, आणि संशोधनासाठी गोळा झालेली, पण गावांच्या शेतांतून नाहीशी झालेली शेकडो वाणे परत मागून घेतली. ती आता पुन्हा त्याच उतारांवर लावली जातात.